समासातला शेरा

येरवड्याच्या तुरुंगातून शिपाई म्हणून निवृत्त झालेले ते गृहस्थ आमच्या वाचनालयातील पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने शेरे लिहीत. नव्या संगणक कंपनीत दिवसभर इतरांच्या चुका शोधणाऱ्या मला त्यांचा 'साफ खोटे' हा शेरा फार आवडे. एका कादंबरीत, रानात पळालेल्या कैद्याला ओढ्यावर पाणी पिताना पाठलाग करणारे गोळी घालतात. तिथे त्यांनी लिहिले, 'पाणी पिणाऱ्यावर नेम धरू नये.'

ग्रंथपालांनी खोडरबर पुढे सरकवला. "अहो, खोडा. नाहीतर सभासदत्व रद्द."

संध्याकाळी जायला त्या गृहस्थांना दुसरे ठिकाण नव्हते. तरी त्यांनी कार्ड टेबलावर ठेवले. "करा रद्द. बाकीचे शेरे खोडतो, हा नाही."

नियमाने ग्रंथपाल बरोबर होते. मी ती कादंबरी माझ्या नावावर घेतली आणि घरी येऊन तो शेरा शाईने गिरवला.