पालथं घातलेलं वाण

विमल गेल्याचं मला तिच्या सुनेच्या फोनवरून कळलं. सकाळची वेळ होती, चहाचं आधण ठेवलं होतं. सुप्रिया एवढंच म्हणाली, "बाई, आई गेल्या." मी विचारलं, "अगं, काल तर पेशी वाढल्या म्हणत होतीस ना?" मागून दवाखान्यातल्या माणसांचे आवाज येत राहिले, आणि मग फोन बंद झाला. डेंग्यूनं माणूस मरतं हे मी शाळेत मुलांना शिकवलं होतं, तक्ता लावून. पण विमल? तिच्या आवाजाला गल्लीतली कुत्रीसुद्धा दबून असायची. ती अशी तापाबिपानं जाईल हे माझ्या डोक्यात बसेना. अजूनही बसत नाही.

कळंब्याच्या पुढं आमचं गाव. आता त्याला गाव म्हणायचं की कोल्हापूरचं शेपूट, हा प्रश्नच आहे. मी इथं शाळेवर बदलून आले आणि इथंच राहिले. विमल आमच्या शेजारी, तिचा नवरा आप्पा गावातल्या एका गटाचा पुढारी. आमच्याकडं माणसाची ओळख नावानं होत नाही, गटानं होते. दूध कुठल्या डेअरीला घालतो आणि मयतीला कुणाच्या आधी पोहोचतो, यावरून गट कळतो. मी बाहेरची आणि त्यातून विधवा, म्हणून कुठल्याच गटात नव्हते. विमलला त्याचा हेवा वाटायचा. "तुझं बरं हाय मास्तरणी," ती म्हणायची, "तुला कुणाकडं बघून हसायचं, त्ये कुणी सांगत न्हाय."

यंदा सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि आप्पांनी विमलला उभं केलं. तिला विचारलं वगैरे नाही. ती चुलीपुढं कांदा-लसणीची चटणी भाजत होती, आप्पा आत आले आणि म्हणाले, "फोटू काढायला चल." एवढीच तिची उमेदवारी. फोटो काढताना ती इतकी ताठ बसली की फ्लेक्सवर ती कुणाला तरी दम देतेय असं वाटायचं. आम्ही त्यावरून तिला फार छळलं.

आचारसंहिता लागायच्या आधी गौरीचं हळदीकुंकू आलं, आणि गटानं डोकं लढवलं. गावात नळाला पाणी दिवसाआड, म्हणून बायकांना वाण काय, तर निळं बॅरेल! त्यावर विमलचा तोच दम देणारा फोटो चिकटवलेला. वाणाला कोण लाच म्हणणार? प्रत्येक बॅरेलला हळदीकुंकवाची बोटं ओढून ती घरोघर पोहोचवली. मला वाण द्यायचा प्रश्नच नव्हता, आणि गटातल्या बायकांनी माझं दार बरोबर टाळलंही. त्या दिवशी संध्याकाळी विमल स्वतः एक बॅरेल लोळवत माझ्या दारात आली. मी म्हटलं, "अगं, मला कसलं वाण?" तर म्हणाली, "बॅरेलला काय कळतंय, विधवा का सवाष्ण? पानी भर गप." आणि माझ्या देखत त्याला हळदीकुंकू लावून गेली.

नवरात्र संपता संपता ताप सुरू झाला. आधी पाणंदीकडच्या दोन घरांत, मग आमच्या गल्लीत. अंग मोडून येणारा, डोळ्यांमागं ठणकणारा ताप. आरोग्य केंद्राच्या आशाताई घरोघर फिरल्या, बॅटरी मारून बॅरेलांत बघितलं, तर आळ्याच आळ्या. सगळी बॅरेलं ओतून, घासून, आठवड्यातून एक दिवस पालथी घालायची, कोरडा दिवस पाळायचा, असं त्या सांगून गेल्या. सांगून गेल्या, एवढंच झालं. सत्तेतला गट म्हणाला, गावात साथ नाहीच, कारण साथ म्हटलं की पंचायतीनं काय केलं हे विचारलं गेलं असतं. आणि आप्पांचा गट म्हणाला, बॅरेलांत आळ्या नाहीतच, कारण बॅरेलांवर उमेदवाराचं तोंड होतं. वर्षानुवर्षं एकमेकांच्या लग्नाला न जाणारे हे दोन गट या एका बाबतीत एकदिलानं वागले. ताप "तुरळक" आहे, असं दोघंही म्हणत. धुराचं मशीन मात्र दोघांनीही फिरवलं, आपापल्या मतदारांच्या गल्लीतून. धूर दिसतो आणि त्याचा फोटोही निघतो. बॅरेल ओतण्याचा कसला फोटो काढणार?

मग पाणंदीकडची रेखा गेली. पोटुशी होती. मी तिला दुसरीपासून शिकवलेलं. मातीला दोन्ही गट हजर होते, आणि दोन्हीकडून एकच ऐकू येत होतं, टायफॉईड होता म्हणे...

तिथून परत आल्यावर विमल सरळ स्वतःच्या दारात गेली. बॅरेलचं झाकण काढून आत वाकून बघितलं आणि मला हाक मारली. "मास्तरणी, हिकडं ये. माझ्याच पोटात आळ्या वळवळाय लागल्यात बघ." आणि तिनं ते भरलेलं बॅरेल दोन्ही हातांनी आडवं केलं. पाणी रस्त्यावरून गटारीपर्यंत गेलं. मग बॅरेल पालथं घालून ती त्यावर बसली. फोटो खाली डोकं वर पाय झाला. समोरच्या म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. "विमल, वाण हाय त्ये! सवाष्णीनं वाण पालथं घालतेत व्हय गं? चांगलं न्हाय त्ये." विमल म्हणाली, "मावशी, रेखानं कुठं घातलंतं पालथं?"

आप्पा तणतणत आले. मी तिथंच उभी होते, तरी त्यांनी आवाज कमी केला नाही. "डोकं फिरलंय का तुझं? आपणच बॅरेलं दिली आन् आपणच ओतायची? उद्या त्ये बोंबलत सुटतील, ह्यांच्यामुळंच ताप आला म्हणून!"

"मग कुणामुळं आला?" तिनं विचारलं.

"मतदान हू दे. मग काय ओतायचं त्ये वत."

"मतदानापातूर आनी कोन जाईल, त्येचं नाव सांगा मला. तेवढ्याच दारचं वततो, बाकीची ऱ्हाऊ देतो."

मला वाटतं, त्यांच्या सगळ्या राजकारणात त्यांना निरुत्तर करणारं एवढंच एक वाक्य आलं असेल. पण निरुत्तर होणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

त्यानंतर विमल प्रचाराला म्हणून बाहेर पडायची आणि दारोदार बॅरेलं ओतत सुटायची. तिनं रिक्षाच्या भोंग्यावरून "शुक्रवारी कोरडा दिवस पाळा" असं पुकारायला लावलं, तर गावातल्या पुरुषांना वाटलं दारूबंदी. गुरुवारीच सगळ्यांनी पिऊन घेतलं, आणि शुक्रवारी गटाच्या जेवणावळीत दारू नसणार म्हणून कुणी फिरकेना, तांबडा-पांढरा रस्सा निम्मा उरला. हसावं तेवढं थोडं. पण बायका हसल्या नाहीत. त्यांनी दारं लावून घेतली. ओतू देणाऱ्या ओतू द्यायच्या, पण पालथं घालू द्यायच्या नाहीत, आणि ती वळली की पुन्हा नळाखाली धरायच्या. विरोधकांनी सभेत सांगितलं की खुद्द उमेदवारानंच गुन्हा कबूल केलाय. आप्पांच्या गटातली पोरं तिच्याबरोबर फिरेनाशी झाली. शेवटी शेवटी आम्ही दोघीच असायचो... एक उमेदवार आणि एक मास्तरीण.

विमल पडली. गुलाल दुसऱ्या गल्लीत उधळला. त्या दिवशी ती अंगणात पालथ्या बॅरेलवर बसून लसूण सोलत होती. हात लावला तर अंग तापलेलं. "जागरणानं आसंल," म्हणाली. तिला दवाखान्यात न्यायला आप्पांनी उशीर केला, असं मी म्हणणार नाही. पण आधी गटाची बैठक झाली, हे मात्र खरं आहे.

विमलच्या मरणानं तरी गाव शहाणं होईल, असं मला पहिले चार दिवस वाटत होतं. झालं उलटंच. तेराव्याला बायकांत बसले होते, तर एकजण हळूच म्हणाली, "वाण पालथं घातलं, म्हणून भोवलं." दुसरीनं मान हलवली. कुणीच नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, "अगं, तिला डास चावला." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं, आणि विषय बदलला. विमल जिवंत होती तेव्हा निदान काही घरांत पाणी ओतलं जायचं. आता एकही बाई बॅरेलला हात लावत नाही. ज्या गोष्टीसाठी ती घरच्यांशी भांडली, पडली आणि मेली, तीच गोष्ट तिच्या मरणानं कायमची बंद करून टाकली. याच्या पलीकडं काही असेल, तर मला दिसत नाही.

परवा तिच्या घरी गेले होते. दारातलं तिचं बॅरेल सरळ करून ठेवलेलं, काठोकाठ भरलेलं. फोटोही सरळ झाला होता, तोच दम देणारा. मी काठाला हात लावला तशी सुप्रिया आतून धावत आली. "बाई, नको. मला बारकी पोरगी हाय." मी हात काढून घेतला.

गावात आता पालथं बॅरेल एकच आहे, माझ्या दारातलं. मला कुणी अडवत नाही, माझं काय जायचं राहिलंय असं त्यांना वाटत असावं. सकाळी मी त्यावर लसूण सोलत बसते. खाली विमल उलटी, हळदीकुंकवाची बोटं अजून दिसतात. बसल्या बसल्या पायाला डास चावतात. शेजारच्या दारातून येतात ते.