डिस्क नवी, गणितं गेली

यादीचा कागद मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला चिकटपट्टीनं लावून गेले होते. एक: आधी 'गणित' फोल्डर पेनड्राइव्हवर घेणे. दोन: मराठी फॉन्ट घेणे. तीन: मगच नवी वेगवान डिस्क, एसएसडी, बसवणे. चार: जुनी डिस्क कपाटात ठेवणे. माहेरचं, बिलोलीचं लग्न उरकून चार दिवसांनी अहमदपूरला परतले, तेव्हा कागद जागेवर होता आणि पेनड्राइव्हचं पाकीट फोडलेलंही नव्हतं.

संगणक मात्र पळत होता. पूर्वी तो चालू करून मी कुकर लावायचे. तीन शिट्ट्या झाल्या की पडदा उजळायचा. आता मिनिटसुद्धा लागलं नाही. 'गणित' फोल्डर तेवढा नव्हता.

दिरांना नांदेडला फोन लावला. कॉम्प्युटरमधलं त्यांना कळतं असं आमचं सगळं घर मानतं, म्हणून दुकानात न नेता काम त्यांच्याकडे दिलं होतं.

"बघा वहिनी, विमान झालंय का न्हाई?"

"भाऊजी, माझे पेपर कुठं आहेत?"

"ते होय? करप्ट झाल्ते सगळे. नव्या विंडोजमधी उघडून बघितलं तर नुसती एबीसीडी, कंस, टिंबं. व्हायरस असंल म्हणून घेतलंच न्हाई."

तो व्हायरस नव्हता, मराठी होती. चौदा वर्षं एकाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. तो फॉन्ट मशीनमध्ये नसला की अक्षरं तशीच दिसतात. यादीत दुसरा नंबर उगाच नव्हता.

"बरं. जुनी डिस्क कुठंय?"

डिस्क उमरीला होती, त्यांच्या मित्राच्या किराणा दुकानात, सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात. चांगली डिस्क वाया कशाला घालवायची, म्हणून फॉरमॅट करून त्याच दिवशी बसवून टाकली होती.

नवरा शेजारीच बसला होता. म्हणाला, "पुस्तकातलीच गणितं ना? परत भेटतील की."

चौदा वर्षं एका घरात राहून या माणसाला ठाऊक नव्हतं की ती मी रचलेली आहेत. मी दहावीची शिकवणी घेते. लातूरचे मोठे क्लास ज्यांना झेपत नाहीत, ती मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी मोंढ्याच्या धान्यबाजारातल्या सोयाबीनच्या कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, एकसामयिक समीकरणं केली, उदगीरच्या आणि लातूरच्या एसटीवर वेगाची गणितं केली. छापलेले पेपर मुलांकडं जातात, तिथून रद्दीत. माझ्या कागदांच्या फायलीत शेवटच्या दोन वर्षांचेच आहेत. सराव परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी मी उमरीला गेले. दुकानातल्या सीसीटीव्हीच्या पडद्यावर तेलाचे डबे आणि रिकामा दरवाजा दिसत होता. माझ्या गणितांवर चार दिवस तेच छापलं जात होतं. डिस्क काढून घेतली आणि नांदेडच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. फायलींची नावं थोडी निघाली. आत काही नाही.

सासूबाई म्हणाल्या, "घरचाच माणूस हाय. लई लावून धरू नको." परका असता तर दुकानासमोर उभी राहून भांडले असते. घरच्याशी भांडायचं नाही, हा नियम कुणाच्या सोयीचा आहे ते मला त्या दिवशी कळलं. मी भांडले नाही. दर रविवारी यायचं आणि मी सांगेन ते टाइप करायचं, एवढंच भाऊजींना कळवलं.

पहिल्या रविवारी ते आले. सासूबाई म्हणाल्या, "नांदेडहून आलाय, आधी जेवू तरी दे त्याला."

"दहा गणितं होऊ द्या, मग वाढते."

भाऊजी दोन बोटांनी टाइप करत होते. अपूर्णांकाची रेघ कशी काढायची, विचारलं. "शोधा," म्हटलं. मलाही कुणी दाखवली नव्हती.

चौथ्या गणिताला मीच अडले. कट्टे किती ते आठवत होतं, भाव आठवत होता, विचारलं काय होतं तेच आठवेना. खूप सुंदर गणित होतं ते. हुशार पोरंसुद्धा त्यात हमखास चुकायची.

"सांगा ना वहिनी," भाऊजी म्हणाले.

"ती जागा मोकळी सोडा," मी म्हटलं. "पाचवं लिहा."