भांडणाची भाषा

माझ्या चुलतसासऱ्यांइतका, म्हणजे आमच्या काकांइतका, भांडणांचा भोक्ता अख्ख्या काशीत झाला नसेल, आणि कधी कुणाला वाकडा शब्द न बोलणाराही. रेल्वे स्टेशनातल्या चौकशीच्या खिडकीमागे त्यांचं आयुष्य गेलं. गाडी चुकलेले बंगाली, सामान हरवलेले मद्रासी, जागेवरून हातघाईवर आलेले मारवाडी, सगळ्यांची भांडणं त्यांनी मन लावून ऐकली होती. त्यातून त्यांचा सिद्धान्तच तयार झाला होता. "सूनबाई, माणूस गोड बोलतो ती भाषा शिकलेली असते. भांडतो ती त्याची स्वतःची." निवृत्तीनंतरही मुन्शी घाटावर नावाड्यांची जुंपली की ते पायरीवर बसून गाणं ऐकावं तशी मान डोलवायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या मुक्ताला शाळेत घालायचं होतं. रामघाटावरच्या आम्हा मराठी घरांत तेव्हा इंग्रजी शाळेचं वारं शिरलं होतं. मी साताऱ्याहून लग्न होऊन आलेली. मुलीचं मराठी गल्लीतल्या हिंदीत विरघळताना बघून जीव तुटायचा, पण इंग्रजीही हवंच होतं. शाळा निवडायचं काम काकांनी आपणहून अंगावर घेतलं. दुसरे लोक फी विचारतात, निकाल विचारतात. काका मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर शेंगदाणे खात उभे राहायचे. एका इंग्रजी शाळेवरून तोंड पाडून आले. "एक पोर धपकन पडलं, गुडघा फुटला, आणि बाई दिसल्या तसं एकदम गप्प. बिचाऱ्याला इंग्रजीत रडता येईना!" ती शाळा बाद झाली.

मग रामनगरला नवी शाळा निघाल्याचं कळलं. अर्धा दिवस हिंदीत, अर्धा इंग्रजीत, दोन भाषांच्या दोन बाई. आम्ही तिघं नावेतून पलीकडे गेलो. बाईंनी मुक्ताला रंगांची नावं विचारली, काकांनी बाईंना विचारलं, "आप दोनों आपस में झगडती हैं?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. हिंदीच्या बाई हसून म्हणाल्या, "रोज, बाबूजी. ये अंग्रेजी में, मैं हिंदी में." काका माझ्याकडे वळले. "इथेच घाला."

परतताना मुक्ता नावेत काकांशी बडबडत होती, "आबा, झूला कितना ऊँचा था ना!" काकांचा चेहरा उतरला. "दोन भाषांची सोय झाली गं," ते मला म्हणाले, "पण मराठीत ही कुणाशी भांडणार?"

त्याच संध्याकाळी त्यांनी सापशिडीचा पट काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या देवमाणसाने लबाडी केली. सापाच्या तोंडात पडलेली सोंगटी हळूच एक घर पुढे. "आबा, बेईमानी कर रहे हो!" मुक्ता किंचाळली. काकांनी तळहात तोंडासमोर धरला. "हिंदीची खिडकी बंद आहे. मराठीच्या खिडकीवर या." पोर चडफडत माझ्याकडे आली, एक शब्द उसना घेऊन परत धावली. "लबाड! आबा लबाड! खाली उतरा!" काका आनंदाने उतरले. मग हे रोजचंच झालं. ते फसवायचे आणि ती भांडायची. भांडता भांडता तिचं मराठी इतकं फर्डं झालं, की माझ्या माहेरच्यांनी कानाला हात लावले.

मुक्ता पाचवीत असताना काकांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर हिंदीत विचारत, मी मराठीत. काका नुसते छताकडे बघत. एका संध्याकाळी मुक्ताने त्यांच्या खाटेवर पट मांडला. त्यांच्या हातात फासा देऊन टाकायला लावला, मग आपला टाकला. तिची सोंगटी सगळ्यांत मोठ्या सापाच्या तोंडात पडली. तिने ती उचलली आणि त्यांच्याकडे रोखून बघत खुशाल पुढच्या घरात ठेवली. काकांच्या भुवया जवळ आल्या. ओठ थरथरले. बऱ्याच वेळाने जड, वाकडा, पण शब्द आला.

"ल...बाड."

मुक्ता खुदकन हसली आणि लगेच रडू लागली. "उतरते, आबा," म्हणत तिने सोंगटी सापाच्या शेपटीपर्यंत खाली आणली.

त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत. मुक्ता अजून माझ्याशी मराठीतच कडाडून भांडते. तिचं बरोबर असलं, तरी मी मुद्दामच लवकर हार मानत नाही.