‘चि. सौ.’च्या पुढे खोडलेलं

माझ्या आत्याला तिच्या आईचं नाव माहीत नाही. आत्या शहाऐंशी वर्षांची आहे आणि तंजावरला तिच्या मुलाकडे राहते. तिला जन्म देऊन तिची आई बाराव्या दिवशी गेली. वर्षाच्या आत माझ्या आजोबांनी दुसरं लग्न केलं. त्या दुसऱ्या बायकोचा मुलगा म्हणजे माझे वडील. घरात पहिलीचा उल्लेख ‘थोरली’ एवढाच होत असे. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

नोकरीसाठी तंजावरहून पुण्याला येताना वडिलांनी घरच्या कागदांची एक पत्र्याची पेटी बरोबर आणली होती. मोडीतली पत्रं आणि चार फोटो. वडील गेल्यावर मी ती पेटी इकडे जर्मनीत, डार्मश्टाटला आणली. आत्याला म्हणालो, "सगळं वाचून घेतो. तुझ्या आईचं नाव मिळेलच." त्यानंतर अकरा वर्षं ती पेटी आमच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, गाडीच्या हिवाळी टायरांशेजारी पडून होती.

अगदीच काही केलं नाही असं नाही. पहिल्या वर्षी मोडीची मुळाक्षरं समोर ठेवून एका फोटोच्या मागची ओळ मी कशीबशी लावली. फोटोत आजोबा खुर्चीवर बसलेले, शेजारी नऊवारीतली एक बाई उभी. मागे ‘सौ.’ आणि पुढे माझ्या आजीचं नाव, खाली एक वर्ष. दोन-तीन पत्रांतही तेच नाव दिसलं. आपल्या आजीचं नाव दिसल्यावर माझं समाधान झालं. मी आत्याला फोटो पाठवला आणि कळवलं की सगळीकडे माझ्या आजीचंच नाव आहे, थोरलीचं कुठेच नाही.

"ही तुझी आजी नव्हे," आत्या तेव्हा फोनवर म्हणाली होती. तिची मराठी तंजावरची. ती इथे मी पुणेरी करून लिहितोय, हाही एक अपराधच. "तुझ्या आजीच्या हाताखाली वाढले मी. तिचं नाक असं नव्हतं."

"अगं आत्या, मागे नाव लिहिलंय."

"नाव लिहिलंय. नाक नाही ना लिहिलेलं?"

मी हसलो आणि विषय बदलला.

या वसंतात हाउसफरवाल्टुंगचं, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या कचेरीचं, पत्र आलं: केलरच्या भिंतींना बुरशी आली आहे, दोन आठवड्यांत सामान हलवा. पेटी उघडली तर तळाचा पत्रा गंजलेला आणि खालची पत्रं एकमेकांना चिकटलेली. मी आधी कचेरीवर चिडलो, मग पाण्याच्या पाइपावर, मग वडिलांवर, की त्यांनी जिवंतपणी हे कुणाकडून तरी वाचून का नाही घेतलं. सगळ्यांवर चिडून झाल्यावर मी एकटाच उरलो.

विद्यापीठात पीएच.डी. करणारी साताऱ्याची एक मुलगी आम्हाला इथल्या गणपतीत भेटली होती. तिने कॉलेजात असताना मोडीचा वर्ग केला होता. एका रविवारी ती स्वतःचं भिंग घेऊन आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही कागद मांडले. पहिल्यांदा तिने तो फोटोच उलटा केला.

"काका, हे वर्ष शके आहे. यात अठ्ठ्याहत्तर मिळवले का तुम्ही?"

"नाही."

"मिळवा ना मग."

मिळवले. आत्याच्या जन्माच्या दोन वर्षं आधीचं साल निघालं. माझी आजी तेव्हा या घरात आलेलीच नव्हती.

"पण नाव तर तिचंच आहे," मी म्हणालो.

"अहो काका, काही घरांत दुसरीला पहिलीचंच नाव ठेवायचे. माझ्या पणजीचंही तसंच झालं होतं. घरच्यांची तोंडात बसलेली हाक बदलायला नको!"

मी इंजिनिअर. दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांशी भांडतो. एक बेरीज मला अकरा वर्षांत करता आली नव्हती.

पण ते नाव सासरने ठेवलेलं. तिचं स्वतःचं, माहेरचं नाव? खालच्या चिकटलेल्या गठ्ठ्यात थोरलीच्या वडिलांनी जावयाला लिहिलेलं एक पत्र निघालं. शेवटी आशीर्वाद. ‘चि. सौ.’, पुढे एक खोडलेला शब्द, आणि त्याच्या डोक्यावर सासरचं नाव.

"सवयीने माहेरचं लिहून गेले असणार," ती मुलगी म्हणाली. "मग आठवलं आणि खोडलं." तिने भिंग खाली नेलं. "पहिलं अक्षर ग आहे. पुढचं काही लागत नाही, ओल आलीय. आणि काका, ही ओल जुनी नाहीये."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, गोदावरी म्हणून सांगून टाका. त्यांना तेवढंच बरं वाटेल. तपासायला कोण येतंय?"

दोन दिवस माझा तोच विचार होता. ऑफिसला जाताना गाडीत मी ‘गोदावरी’ मोठ्याने म्हणूनही पाहिलं. खोटं बोलवेना हे खरं, पण त्यात चांगुलपणा नव्हता. आत्या पुन्हा काहीतरी नाकासारखं विचारेल, याची भीती होती.

मग जुन्या कागदांवर काम करणारी एक कार्यशाळा शोधली. ते वेगळ्या प्रकाशात फोटो काढून पुसलेली शाई वाचतात. त्यांनी फॉर्म पाठवला, पत्राच्या मालकीचा पुरावा मागितला आणि पाच महिन्यांनंतरचा टेर्मिन, म्हणजे भेटीची तारीख, दिली. मी फोन करून सांगितलं की हे जिच्यासाठी करायचंय ती शहाऐंशीची आहे. पलीकडच्या बाईंनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि तीच तारीख पुन्हा वाचून दाखवली. "म्हणजे पाच महिने?" मी विचारलं. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर.

मग आत्याला फोन केला.

"आत्या, त्या फोटोतली बाई तुझी आई आहे."

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

"हो."

"तरी मी तुझं ऐकलं. शिकलेला आहे म्हणून."

दोघींच्या एकाच नावाचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे शेजारणी त्या दुसरीला हाक मारायच्या, ती माझ्या आईच्या नावाने?"

"हो."

"आणि सावत्र आईचं नाव म्हणून मी कानात बोटं घालायची."

मग ते पत्र, ते खोडलेलं अक्षर. आणि केलर. "माझ्यामुळे भिजलं, आत्या. वेळेवर उघडलं असतं तर वाचता आलं असतं."

"ग," ती म्हणाली. "गंगा? गिरिजा? गौरी?"

"कळत नाही."

"गाढवसुद्धा ग वरूनच सुरू होतं रे."

मग पाच महिन्यांचं सांगितलं. मला वाटलं होतं आता ती रडेल किंवा फोन ठेवेल.

"पाच ना? पाच महिने आहे मी," आत्या म्हणाली. "त्या बाईला सांग, सावकाश कर, पण नीट कर. आणि तू तोवर त्या कागदाला हात लावू नकोस."