अनंतरावांची सात मिनिटं

अनंत वानखेडे मूळचे वर्ध्याकडचे. खडकीच्या कारखान्यात, तपासणी खात्यात, बत्तीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले. कामगार नाट्यस्पर्धांत त्यांना चार बक्षिसं मिळाली होती, चारही रंगमंचावर मरण्याबद्दल.

निवृत्तीनंतर त्यांनी शनिवार पेठेतल्या एका नाट्यशिबिरात नाव घातलं. शिकवणारी पूर्वा त्यांच्या मुलीच्या वयाची. तिचा नियम असा, की एका अनोळखी माणसाला भेटायचं, त्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि त्यातली सात मिनिटं त्याच्याच शब्दांत, खोकल्यासकट करून दाखवायची. पदरचं काही घालायचं नाही.

अनंतरावांनी कसबा पेठेतले बाबुराव निवडले. पंचाहत्तरीचे, तांब्याची भांडी घडवणारे, ठोकून ठोकून कान अधू झालेले.

"काय विकायला आलात?" बाबुरावांनी विचारलं.

"काही नाही. तुमची मुलाखत हवी होती."

"ती कोण विकत घेणार?"

तरी ते तासभर बोलले. मुलाचा विषय निघाला तेव्हा मात्र हातोडी थांबली. "तो आता..." एवढंच म्हणाले.

शिबिरात अनंतरावांनी ही जागा गाजवली. हात थरथरला, हुंदका आला, आधी डावा डोळा भरला, मागून उजवा.

"ते रडले होते?" पूर्वाने विचारलं.

"नाही. पण मुलगा वारला म्हटल्यावर... प्रेक्षकांना कळायला नको?"

"वारला असं ते कुठे म्हणाले?"

अनंतरावांनी घरी जाऊन रेकॉर्डिंग ऐकलं. "तो आता..." नंतर लगेच त्यांचाच आवाज होता : "असू द्या, असू द्या. कुणाच्या हातात असतं!" आणि मग पुन्हा हातोडी. माणूस बोलायच्या बेतात होता, यांनीच त्याचं तोंड बंद केलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातले दोष काढलेल्या अनंतरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ते पुन्हा कसब्यात गेले, फोन चालू केला, मुलाबद्दल पुन्हा विचारलं आणि गप्प बसले. "तो आता..." एवढं म्हणून बाबुराव थांबले. फोनवर चौदा सेकंद नुसतेच गेले.

"वाकडला असतो," बाबुराव म्हणाले. "लहानपणी इथंच झोपायचा. ठोकणं थांबलं की रडत उठायचा. आता म्हणतो, बाबा, आवाजाने डोकं दुखतं. येत नाही."

एका धडधाकट माणसासाठी आपण दोन्ही डोळ्यांनी रडलो, याची अनंतरावांना लाज वाटली.

शिबिराच्या पहिल्या प्रयोगात "तो आता..." नंतर ते पूर्ण चौदा सेकंद नुसते बसून राहिले. वाक्य विसरले असं समजून कुणीतरी मागून "वारला" असं सुचवलंही. पहिल्या रांगेत बाबुराव कानामागे हात धरून बसले होते.

"मी इतका सावकाश बोलतो?" नंतर त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं. रविवारच्या प्रयोगाला चार खुर्च्या ठेवा. मुलगा, सून, नात आणि मी. ते नाही आले तर पसरून बसेन."

रविवारी सून आणि नात आल्या. मुलगा गाडी लावायला जागा शोधत होता. शनिवार पेठेत ती त्याला प्रयोग संपल्यावर सापडली. लोक उठून चपला शोधत होते. अनंतरावांनी पूर्वाकडे पाहिलं, तिने मान डोलावली. ते पुन्हा खाली बसले आणि सातही मिनिटं पहिल्यापासून केली.

मुलगा दाराशी उभ्यानेच ऐकत होता. मध्येच नात काहीतरी विचारू लागली.

"गप्प," बाबुराव म्हणाले, "मी बोलतोय."