उपवासात सोडलेलं मॉर्फिन

"मणक्यात पसरलंय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. आईने क्रुसाची खूण केली आणि विचारलं, "म्हंजे लई दुखंल का?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. आईच्या स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला होता. याला मेटास्टॅसिस म्हणतात. मूळ गाठीतल्या पेशी रक्तातून दुसरीकडे जाऊन तिथे ठाण मांडतात. बरं होणार नाही, पण दुखणं थांबवता येईल, त्या म्हणाल्या. हे पॅलिएटिव्ह केअर. रोग हटत नसला तरी माणसाचे हाल थांबवायचे. 'आता काही करता येत नाही' असं तुम्हाला कुणी सांगितलं तर तिथून उठा आणि हे करणारा डॉक्टर शोधा.

आई भवानी पेठेत टॉवेलच्या कडा शिवायची. पाठ दुखते म्हणाली की आम्ही म्हणायचो, मशीनवर बसून दुखते. पहिलं लक्षण असं वाया गेलं.

मॅडमनी मॉर्फिन लिहून दिलं. हे अफूपासून बनणारं जबरदस्त वेदनाशामक. कुठल्याही मेडिकलात मिळत नाही. वेगळी चिठ्ठी, वेगळी खिडकी, वेगळी रांग. गरिबाला औषध का मिळत नाही म्हणून चौकात पत्रकं वाटणारी मी. ती रांग भांडून पार केली.

गोळ्या सुरू झाल्या, पण आई कण्हतच होती. मॅडमनी डोस वाढवला. तरी तेच. मी गोळी हातावर ठेवायची, ती तोंडात टाकून पाणी प्यायची. मग एका सकाळी अंथरूण बदलताना उशीच्या अभ्र्यातून गोळ्या घरंगळल्या.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता. आमच्यात या दिवसांत कुणी मटण सोडतं, कुणी चहा. आईने मॉर्फिन सोडलं होतं.

कशासाठी, तर माझ्या बापासाठी. तो दारू पिऊन मेला, मरणाआधी फादर देतात ते शेवटचे संस्कार न घेता. म्हणून तो शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी पापं जळतात त्या जागी, अडकलाय असं आईचं म्हणणं. आपलं दुखणं देवाला अर्पण केलं की त्याची तिथली शिक्षा कमी होते. "तेवढं तरी करू दे की गं," ती म्हणाली. जिवंतपणी त्याचा मार खाल्ला, आता मेल्यावर त्याच्या वाटणीचं दुखणंही हिनेच खायचं.

हे तिच्या डोक्यात कुणी भरलं? मी भांडायला म्हणून वाचायला बसले, बरंचसं दवाखान्याच्या बाकावरच. स्टोइक नावाचे जुने ग्रीक-रोमन विचारवंत म्हणायचे, वेदना मुळात वाईट नाहीच, तिला वाईट समजणं ही तुमची चूक, गप सोसा. चर्चने त्यांचं सोसणं उचललं आणि वर मोल चिकटवलं. स्टोइकाच्या लेखी वेदना म्हणजे काहीच नाही, चर्चच्या लेखी ती कमाई. क्रुसावरच्या दुःखात आपलंही दुःख मिसळतं, आणि ते दुसऱ्याच्या कामी येतं. आणखी एक विचार चर्चकडे प्लेटोच्या पठडीतून आला. वाईट असं काही नसतंच, तो फक्त चांगल्याचा अभाव. आईच्या मणक्यात कसला अभाव होता? तिथे गाठ होती.

हे सगळं घेऊन मी आमच्या चर्चच्या फादरांकडे गेले. बिचारे मऊ बोलणारे गृहस्थ. चर्च वेदनाशामकांना मनाई करत नाही, उलट रुग्णाचं दुखणं कमी करणं ही सेवाच मानतं, असं त्यांनी मला समजावलं. मी म्हटलं, मग प्रवचनात दुःख ही देणगी कशाला म्हणता? क्रुसावरच्या ज्याचा दाखला देता त्याने तरी मरणाच्या आदल्या रात्री हे टळू दे म्हणून देवाला विनवलं होतं ना? लोक अर्धंच ऐकतात, ते म्हणाले. मी म्हटलं, उरलेलं अर्धं घरी येऊन सांगा.

ते आले. कॉटशेजारी बसले.

"मार्थाबाई, गोळी घेणं पाप नाही."

"पाप न्हाय, ते मला बी म्हाईत हाय. पर तुमीच म्हनला की, दुखनं वाया घालवू नका."

"म्हणालो खरं."

"मग गोळी घेतली तर ह्यांचं काय?" तिने भिंतीवरच्या फोटोकडे हात केला.

"त्यांची सुटका तुमच्या पाठीवर अडलेली नाही. ती देवाची दया आहे."

आईने हात खाली घेतला. "मग येवडे दिस मी कशापायी सोसलं, फादर?"

फादरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. निदान त्यांनी खोटं काही रचलं नाही, एवढ्यापुरती मी त्यांची ऋणी आहे.

"आन ती गोळी," आई मला म्हणाली. आधीच्या गोळ्या पोटात गेल्या नव्हत्या, अंगाला सवय नव्हती, त्यामुळे वाढवलेला डोस चालणार नव्हता. मॅडमना फोन करून विचारलं आणि त्यांनी सांगितली तेवढीच दिली. तुम्हीही स्वतःच्या मनाने काही करू नका. पाणी पिऊन झाल्यावर आईने फोटोकडे बघितलं. "आता तुमचं तुमी बगा," म्हणाली. तासाभराने गोळी लागू पडली आणि ती कुशीवर झाली. किती तरी दिवसांत तिला कूस बदलता आली नव्हती.

पुढचे आठवडे माणसासारखे गेले. ती भाकरी खायची, शेजारच्या पद्मक्काशी तेलुगूत गप्पा हाणायची, मला 'लगीन कर, न्हायतर पत्रकंच वाटत म्हातारी व्हशील' म्हणायची. ईस्टरनंतर ती झोपेत गेली. त्या आठवड्यांसाठी मी मॅडमची आणि त्या अफूच्या गोळीची जन्मभर आभारी आहे.

माझा देवावर विश्वास नाही. तरी आता दर रविवारी मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते. पुढच्या बाकावर, वेदीच्या अगदी समोर बसते. प्रवचन सुरू झालं की फादर माझ्याकडे बघतात आणि नजर वळवतात. आमच्या घरी जे बोलले ते त्यांनी वेदीवरून अजून सांगितलेलं नाही. मागच्या बाकांवर कुणाकुणाच्या उशीत गोळ्या आहेत मला माहीत नाही. ते सांगेपर्यंत मी बसणार.