पहिल्या पातळीचा सामना

आमच्या घरात माणूस विरुद्ध संगणक असा बुद्धिबळाचा एकच सामना झाला, आणि त्यात बदनाम झाला तो आयोजक. म्हणजे मी.

घरातला पहिला पदवीधर मी. पहिल्या पगारात लॅपटॉप घेतला आणि धामणगाव बढ्याच्या चहाच्या टपरीवर बोलून गेलो, की संगणक बाबांनाही हरवू शकतो. मंदिराच्या ओट्यावर बाबांना आजवर कोणी हरवलेलं नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"हरलो तं पट तुले देऊन टाकीन. पुन्हा सोंगटीले हात लावणार नाही."

रविवार ठरला. पण सामना भरवायचा कोणी?

"मशीन तुयी, पंच तू, खुर्च्या बी तूच मांडून राह्यला," भाजीचा व्यापार करणारे शेजारचे महादेवकाका म्हणाले. "मंग तुया बापाच्या बाजूनं कोण हाय बे?"

"काका, मी मधे आहे."

"मधला माणूसच जास्त खाते, पोरा. मी धंद्यात हाओ."

दुसऱ्या कोणालाच लॅपटॉप चालवता येत नसल्यामुळे मलाच ठेवलं, पण बंदोबस्तात. कॅमेऱ्याला बाबांचा चेहरा दिसू नये म्हणून त्यावर आईची टिकली लागली. माझा मोबाइल ज्वारीच्या पिठाच्या डब्यात गेला. बाबा पटावर खेळणार, आणि त्यांची चाल लॅपटॉपवर व लॅपटॉपची चाल पटावर मी मांडणार, म्हणून काका माझ्या मागे बसून माझी बोटं पाहू लागले.

एवढ्या संशयात खरी लबाडी मात्र कोणाच्याच लक्षात आली नाही. बाबांचा पट सुटू नये म्हणून मी संगणक सगळ्यात खालच्या पातळीवर लावला होता. (पदवीचा एवढा तरी उपयोग.)

पाचव्याच चालीला संगणकाने वजीर फुकट पुढे आणून ठेवला. बाबा पाव तास त्याच्याकडे पाहत राहिले.

"हा काऊन वजीर देऊन राह्यला?"

"चूक झाली असंल त्याची."

"मशीन चुकते काय? डाव हाय हा." आणि बाबांनी वजीर मारला नाही.

मग घोडा मारला नाही. हत्तीही नाही. माझ्या प्रत्येक मेहेरबानीवर संशय घेत बाबा मागे मागे सरकत गेले, आणि त्यांचा राजा कोपऱ्यात अडकला. आता पट जातो, असं मला वाटलं. बाबा मात्र शांत होते. त्यांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला. आमच्या ओट्यावर शह बसण्याआधी राजाला एकदा तशी उडी असते.

संगणक ती चाल घेईना.

"शहरातल्या नियमात ही उडी नाही, बाबा."

"पाहा, मी म्हनलं नव्हतं?" काका उठलेच. "यानं मशीनले अर्धाच खेळ शिकवला!"

उडी कुठे चालू करता येते का, म्हणून मी घाईघाईने एक बटण दाबलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: पातळी पहिली, लहान मुलांसाठी. काकांनी ते मोठ्याने वाचलं.

"मले पहिलीत बसवलं तू?" बाबा म्हणाले. "अन् मी तिथंबी हरून राह्यलो?"

"आयोजकच बेइमान निघाला," काका म्हणाले. "सामना रद्द. पट तुया बापाचाच."

पट वाचला. आता पुढचा सामना आई भरवणार आहे. तिला उंट आणि हत्तीतला फरक कळत नाही, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. मला लॅपटॉपला चार्जर लावण्यापुरतं आत घेतील. खिसे तपासून.